केकवरची बाळबोध

यवतमाळपासून सुमारे ४० किलोमीटरांवर, वाघाडी नदीच्या काठी वसलेले घाटंजी हे कापसाच्या मुलखातील तालुक्याचे गाव. येथे वाढदिवस म्हटला की पाट, रांगोळी, निरांजन आणि औक्षण हा क्रम अद्याप मोडलेला नाही. परंतु औक्षणाचे तबक बाजूला सरले की त्याच पाटासमोर केकचा खोका उघडला जातो, आणि घरातील लहानथोर मंडळी वाकून प्रथम जे पाहतात तो केकचा रंग नव्हे, त्यावरचे नाव होय. ते नाव सुबक उतरले असेल तर बाकीच्या सजावटीतील उणीव कोणाच्या नजरेस येत नाही. आणि ते वाकडे गेले, कडेला चेंगरले किंवा त्यातील एखादी वेलांटी चुकली, तर गुलाबाची कितीही फुले काढलेली असली तरी ज्याचा वाढदिवस त्याचा चेहरा क्षणभर उतरतोच.

असे असूनही केक सजविण्याच्या विद्येत अक्षरलेखनाला दुय्यम स्थान मिळते, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. चांदण्या, शिंपले आणि झालरी यांचा आकार नोझलच्या तोंडालाच कापलेला असतो. हात बेताचा स्थिर असला की चांदणीच्या नोझलमधून चांदणी उतरतेच. गोल तोंडातून मात्र केवळ एक सूत बाहेर पडते, आणि त्या सुताचे वळण, जाडी, आरंभ व शेवट या सर्वांची जबाबदारी लिहिणाऱ्याच्या हातावर येऊन पडते. १९२९ साली शिकागोत ड्यूई मॅकिन्ली विल्टन यांनी केकसजावटीचे वर्ग सुरू केले, आणि त्यांच्या नावाने पुढे जी नोझले जगभर गेली त्यांतील १, २ आणि ३ या क्रमांकांची बारीक गोल तोंडे लेखनासाठी आजही सर्वत्र वापरली जातात. तथापि नुसता बटर पेपरचा कोन हे काम तितकेच चांगले करतो, आणि तो स्वतः वळता येणे हा या शिक्षणाचा पहिला धडा होय.

कागदाचा त्रिकोणी तुकडा घ्यावयाचा, त्याच्या लांब बाजूचा मध्य चिमटीत धरून दोन्ही कोपरे एकावर एक गुंडाळावयाचे, वरची टोके आत दुमडून कोन पक्का करावयाचा, तो निम्म्याहून कमीच भरावयाचा, आणि मग तोंड कात्रीने दीड-दोन मिलिमीटरच कापावयाचे. तोंड एकदा अधिक कापले गेले की तो कोन अक्षरांच्या कामाचा राहत नाही. लिहिताना टोक केकला टेकते ते फक्त आरंभी व अखेरीस. मधल्या प्रवासात ते किंचित वर उचलून सूत अलगद खाली निजवावयाचे असते, कारण कोन घासत नेला की क्रीमला चर पडते आणि रेषा दातेरी होते. रेषा संपण्याच्या किंचित आधी दाब सोडावा लागतो. तो सोडण्यापूर्वीच हात उचलला तर प्रत्येक अक्षराला शेपूट फुटते. रांगोळीची रेघ ओढलेल्या किंवा मेंदीचा कोन चालविलेल्या हातांना हा दाबाचा हिशेब लवकर उमगतो, आणि आमच्या भागात असे हात घरोघर आहेत.

विदर्भाचा उन्हाळा या कलेचा कठोर परीक्षक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लोणी तर ३५ अंशांच्या आतच पाघळते. त्यामुळे थंड मुलखातील पुस्तकांत वाखाणलेले बटरक्रीम येथे दुपारी तग धरीत नाही, आणि वनस्पतिज स्निग्धांशाचे, थंड असतानाच फेटावयाचे व्हिप क्रीम सर्वत्र रूढ झाले आहे. तेही हाताच्या उबेने सैल पडते, म्हणून कोन लहान भरावा, दोन कोन आळीपाळीने वापरावेत आणि एक सदैव फ्रीजमध्ये ठेवावा. भारनियमनाच्या वेळापत्रकाशी ज्यांना हुज्जत घालता येत नाही त्यांनी अक्षरांपुरते जेल वापरावे. ते उन्हाने वितळत नाही, मात्र पातळ असल्यास पसरते, आणि पसरलेले अक्षर पुसता येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. केकवर इंग्रजी अक्षरे सर्रास दिसतात आणि मराठी क्वचित, याचे कारण अनास्था एवढेच नाही. बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिपी कोनातून उतरविणे खरोखरच अवघड आहे, आणि ती शिकविणारे कोणी नाही. अर्ध्या किलोच्या केकचा व्यास सामान्यतः सहा इंच. तेवढ्या जागेत ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहावयाचे म्हणजे वर वेलांट्या, मात्रा व रफार, मध्ये अक्षराचा देह आणि खाली उकार अशा तीन मजल्यांची सोय करावी लागते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो, आणि ‘च्छा’तील पोकळ्या दोन मिलिमीटर जाडीच्या रेषेने पार बुजून जातात. म्हणून माझे मत असे की लहान केकवर शुभेच्छा लिहूच नयेत. नाव तेवढे लिहावे, मोठे लिहावे आणि नीट लिहावे.

शिरोरेघेचा प्रश्न तर विशेष विचार करण्याजोगा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललेल्या मोडी दफ्तरांत कारकून आधी ओळभर रेघ ओढीत आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. केकवरही हीच रीत सोयीची वाटते, कारण रेघेमुळे ओळ तिरपी जात नाही आणि नावाची लांबी आधीच ठरते. परंतु बाळबोधीत ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असावी लागते. ती अखंड ओढली की ‘धनश्री’ची ‘घनश्री’ होते आणि ‘भावना’ची ‘मावना’. यावर उपाय असा की प्रथम दातकोरणीने क्रीमवर पुसट खूण करून घ्यावी, अक्षरे मोजून मधले अक्षर केकच्या मध्यावर येईल असे पाहावे, अक्षरांचे देह लिहावेत, आणि शिरोरेघ देह पुरे झाल्यावरच, शब्दाशब्दाने, ‘ध’ व ‘भ’ आला की हात उचलून ओढावी. वेलांटी व मात्रा त्यानंतर. हा क्रम अंगवळणी पडला की निम्म्या चुका आपोआप टळतात.

वळण कोणते गिरवावे, याविषयीही थोडे सांगतो. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे टंक किंवा र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी घडविलेला ‘मंगल’ हे डोळ्यांना कितीही प्रिय असले तरी त्यांतील जाड-बारीक रेषांचा खेळ तिरप्या कापलेल्या बोरूतून जन्मलेला आहे, आणि कोनाच्या गोल तोंडातून तो निघत नाही. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील नावांना ज्यांनी रूप दिले त्या कमल शेडगे यांच्याकडून घ्यावयाचे ते दोन अक्षरांमधील अंतराचे भान. रेषा मात्र घ्यावी ती शाळेच्या पाटीवरील, एकाच जाडीची, गोल आणि मोकळी. कागदावर असे नाव मोठ्या अक्षरांत लिहावे, त्यावर काच ठेवावी, आणि पिठीसाखर पाण्यात घट्ट कालवून ते मिश्रण कोनात भरून गिरवीत जावे. काच खरवडून तेच मिश्रण पुन्हा वापरता येते. काच नसेल तर स्टीलचे ताट पालथे घालावे. ‘श्रावणी’सारखे एखादे नाव जोवर न पाहता हातातून उतरत नाही, तोवर केकला हात लावू नये.

महाराष्ट्रात या कलेची उंची किती जाऊ शकते हे पुण्याच्या प्राची धबल देब यांनी दाखविले आहे. इंग्लंडच्या राजघराण्यासाठी केक घडविणारे एडी स्पेन्स यांच्याकडे त्यांनी रॉयल आयसिंगचे शिक्षण घेतले, मुळात अंड्याच्या पांढऱ्यावर अवलंबून असलेले हे माध्यम शाकाहारी स्वरूपात सिद्ध केले, आणि मिलानच्या कॅथीड्रलवरून घडविलेल्या त्यांच्या सुमारे १०० किलोंच्या रचनेची नोंद विक्रमांत झाली. त्या सूक्ष्म जाळीकामाचा पायाही कोनातून उतरणारे एकसारखे सूत हाच आहे. तालुक्याच्या गावी घरून केक करणाऱ्या भगिनींनी कॅथीड्रल उभारण्याची गरज नाही, परंतु तेवढ्याच निष्ठेने एक नाव लिहिणे त्यांच्या आवाक्यातील आहे, आणि त्याचे मोल त्यांनी वेगळे मागावे.

गिऱ्हाइकांनाही एक विनंती आहे. फोनवर रोमन अक्षरांत टंकून पाठविलेल्या नावावरून ते ‘तारा’ आहे की ‘तरा’, ‘मीना’ आहे की ‘मिना’ हे कळत नाही, आणि मग केक करणारीला अंदाजाने वेलांटी द्यावी लागते. केकची मागणी नोंदविताना नाव मराठीत, ऱ्हस्वदीर्घासह, कागदावर लिहून द्यावे, आणि केकवरही ते मराठीतच हवे असे स्पष्ट सांगावे.