आभाळाचे पांघरूण

मी मराठीचा प्राध्यापक. हवामानाशी माझा संबंध काय तो ऋतुवर्णनापुरता. पण गेल्या डिसेंबरात कागलजवळ मामांच्या गुऱ्हाळावर गेलो, तो चुलवाण थंड! ऊस उभा, गडी बसून, आणि आठवडाभर आभाळ दाटलेले.

"अरं, आभाळच पांघरूण घालून बसलंय, थंडी पडायची कुठनं? अन् थंडीबिगर उसात साखर भरायची कशी?" मामा म्हणाले. गूळ नीट बसला नाही तर बाजारात भाव पडणार. आणि नातीचे लग्न तर माघातच धरलेले.

घरी येऊन पुस्तके उघडली. आपले कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच, दख्खनच्या पठारावर. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमिनीची ऊब सरळ आकाशात निघून जाते. ढग आले की ती अडते. मामांचे पांघरूण ते हेच!

पण हे पांघरूण घालतो कोण आणि काढतो कोण? भूमध्य समुद्राकडून पश्चिमी वाऱ्यांबरोबर आवर्ते येतात, काश्मिरात बर्फ पाडतात. ती पुढे सरकली की मागून उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. तो निफाड गारठवतो आणि मंदावत आमच्यापर्यंत पोचतो. उलट, बंगालच्या उपसागरात कमी दाब झाला की तिकडचे बाष्प इथवर येते नि रात्र उबदार होते. कागलचे गुऱ्हाळ असे दोन दूरच्या समुद्रांच्या ओढाताणीत!

उन्हाळ्याचेही तेच. एप्रिलात पारा ३७ अंशांपर्यंत चढतो. जुलैत सूर्य जवळजवळ माथ्यावर असूनही तो २६ च्या आसपास राहतो. विषुववृत्त ओलांडून आलेले नैर्ऋत्य वारे सह्याद्रीवर ढगांची रास घालतात ना! त्याच दिवसांत द्वीपकल्पावर, फार उंचावरून, पूर्वेकडून वेगवान झोत वाहतो. १९५८ साली कोटेश्वरम् यांनी त्याचा संबंध तिबेटच्या तापलेल्या पठाराशी जोडला. एक पठार तापावे, आणि दुसऱ्याला गारवा मिळावा!

दहा दिवसांनी हे सारे सांगायला मी पुन्हा गेलो. चुलवाण पेटले होते, काहिलीत रस उकळत होता. मामांनी सगळे ऐकून घेतले, हातावर गरम काकवी घातली आणि म्हणाले, "परवा रात्री वारं उत्तरेचं झालं, तवाच गड्यांस्नी निरोप धाडला. तुझ्या पुस्तकात हाय न्हवं ते?"

होते. मी मुकाट्याने काकवी चाटू लागलो.