पहिल्या घोटाआधी

गरोदरपणातल्या मधुमेहाविषयी बोलताना दोन आकडे हमखास पुढे येतात. एक आईच्या रक्तातल्या साखरेचा, दुसरा बाळाच्या वजनाचा. या दोन आकड्यांमागे पाऊण शतकाचे संशोधन उभे आहे. बाळाच्या तोंडात मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांतच कोणी नीट डोकावू लागले आहे, आणि तिथे जे दिसते ते मला वजनकाट्याइतकेच, कदाचित थोडे जास्तच, विचार करायला लावणारे वाटते.

आधी मधुमेहाची बाजू. गरोदरपणात वारेतून आईच्या रक्तात येणाऱ्या संप्रेरकांमुळे तिच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव कमी पडू लागतो. हा काही आजार नव्हे. बाळाला साखरेचा पुरवठा अखंड मिळावा यासाठीची ती सोय आहे. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जास्त इन्शुलिन तयार करून तोल सांभाळते. ज्यांना ते साधत नाही, त्यांच्या रक्तातली साखर चढते. कोपनहेगनच्या योर्गेन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात पुढची कडी जोडली. साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, आईचे इन्शुलिन जात नाही. मग बाळाचे इवलेसे स्वादुपिंड स्वतःच इन्शुलिनचा मारा सुरू करते आणि बाळाच्या अंगावर चरबी साठते. नाळ कापताक्षणी साखरेचा ओघ थांबतो, पण बाळाच्या रक्तातले इन्शुलिन लगेच ओसरत नाही. त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर घसरू शकते. ही घसरण लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

आपल्याकडे ही तपासणी सोपी झाली ती चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांच्यामुळे. उपाशीपोटी येण्याची अट नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. आकडा १४० किंवा त्याहून वर गेला की निदान पक्के. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही हीच पद्धत आहे. पहिल्याच भेटीत तपासणी करावी आणि ती ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करावी, असे त्या सांगतात. म्हणजे ऐन डोहाळजेवणाच्या सुमारास! पेढे, बर्फी आणि साखरभाताच्या ताटासमोर बसलेल्या मुलीला हा योगायोग कोणी सांगत नाही.

गुटगुटीत बाळ म्हणजेच मधुमेहाचा परिणाम, असे मात्र समजू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळे युरोपीय बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी होती, तरी त्यांच्या शरीरातली चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे वजनकाटा अर्धीच हकीकत सांगतो. उरलेली कुठेकुठे शोधायची, या प्रश्नाच्या ओघात संशोधक बाळाच्या तोंडापर्यंत पोहोचले.

तोंडातल्या जिवाणूंची आणि माणसाची ओळख तशी जुनी. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांमधला पांढरा मळ भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. पण न जन्मलेल्या बाळाच्या तोंडात काय असते? शंभराहून अधिक वर्षे उत्तर एकच होते : काहीही नाही, गर्भाशय निर्जंतुक असते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कियर्स्टी ओगार्ड यांच्या गटाने वारेत जिवाणूंचे अंश सापडल्याचे जाहीर केले, तेही आईच्या तोंडातल्या जिवाणूंशी मिळतेजुळते. बरीच खळबळ उडाली. २०१९ मध्ये केंब्रिजच्या गटाने पाचशेहून अधिक वारा काटेकोरपणे तपासल्या. सापडलेले बहुतेक ‘जिवाणू’ प्रसूतीच्या वेळचे किंवा प्रयोगशाळेतल्या रसायनांतून आलेले निघाले. मला केंब्रिजची बाजू भक्कम वाटते. इतक्या अत्यल्प डीएनएचा माग काढताना रसायनाच्या कुपीतला मळही पाहुणा म्हणून नोंदला जातो.

तेव्हा खरी वस्ती सुरू होते ती जन्माच्या वाटेवर. व्हेनेझुएलातल्या पुएर्तो आयाकुचो इथे नऊ माता आणि त्यांच्या दहा बाळांवर झालेला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला मारिया डोमिंगेझ-बेलो यांचा अभ्यास लहान होता, पण त्याने चित्र स्पष्ट केले. नैसर्गिक प्रसूतीतल्या बाळांच्या अंगावर आईच्या योनिमार्गातले जिवाणू होते, सिझेरियनच्या बाळांवर त्वचेवरचे. आणखी एक गंमत म्हणजे त्या घटकेला बाळाचे तोंड, नाक आणि कातडी यांत फारसा फरकच नव्हता. सगळीकडे तेच रहिवासी. कोणी कुठे राहायचे याची वाटणी नंतर होते. तोंडात थोड्याच दिवसांत स्ट्रेप्टोकॉकस कुळातल्या निरुपद्रवी जाती बस्तान बसवतात.

ही वाटणी करण्यात दुधाचा मोठा हात आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की नवजात बाळाच्या लाळेत झँथिन आणि हायपोझँथिन ही द्रव्ये भरपूर असतात आणि आईच्या दुधात त्यांच्यावर काम करणारे विकर असते. दोन्ही एकत्र आली की थोडेसे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, तेच जे आपण जखम धुवायला वापरतो. त्याने काही उपद्रवी जिवाणू रोखले जातात आणि काही उपयुक्त जिवाणूंना वाव मिळतो. लाळ बाळाची, विकर आईचे, आणि रसायन तयार होते ते घोट घेताना.

आता मधुमेह या चित्रात आणू. चीनमधल्या एका गटाने २०१८ मध्ये मातांचे ५८१ आणि नवजात बाळांचे २४८ नमुने तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात बाळांच्या तोंडातले आणि घशातलेही नमुने होते. मधुमेह असलेल्या मातांच्या आणि त्यांच्या बाळांच्या जिवाणूंची घडण इतरांहून वेगळी होती. महत्त्वाचे हे की आई आणि बाळ यांच्यातले बदल एकाच दिशेने होते. आईची वस्ती जिकडे झुकली होती, तिकडेच बाळाची. आईच्या बाजूने हे समजण्यासारखे आहे. रक्तातली साखर वाढली की लाळेतलीही वाढते, गरोदरपणात हिरड्या आधीच नाजूक झालेल्या असतात, आणि साखरेवर जगणाऱ्या जिवाणूंचे फावते.

तरी इथे मी थोडा थांबतो. मधुमेह असलेल्या स्त्रियांची प्रसूती सिझेरियनने होण्याचे प्रमाण जास्त असते, आणि सिझेरियनआधी प्रतिजैविकाचे इंजेक्शन देतात. दोन्हींचा जिवाणूंवर परिणाम होतो. त्यात अशा स्त्रियांना भरपूर दूध यायला अनेकदा उशीर लागतो. बाळाची साखर घसरली तर त्याला वरचे दूध पाजतात, कधी आईपासून दूर अतिदक्षता विभागात हलवतात. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये दाखवले की साखर घसरलेल्या बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला ४० टक्के डेक्स्ट्रोजची जेल चोळली तर पुष्कळांना पुढचे उपचार लागत नाहीत. उपाय स्वस्त आणि उत्तम आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण संशोधक बाळाच्या तोंडातला नमुना घेतात तो कापसाचा बोळाही बहुधा गालाच्या आतूनच फिरवतात! म्हणून ‘मधुमेहामुळे बाळाचे जिवाणू बदलले’ हे वाक्य वाचले की मी आधी विचारतो : मधुमेहामुळे, की मधुमेहामागून येणाऱ्या या सगळ्या लवाजम्यामुळे? उत्तराने फरक पडतो. साखर आवाक्यात ठेवणे हे एक काम. बाळाला तासाभरात छातीशी धरणे हे दुसरे, आणि ते साखरेच्या आकड्यावर अवलंबून नाही.

पुढे या मुलांचे दात जास्त किडतील, असे यावरून कोणी भाकीत करू नये. दात किडवण्यात पुढाकार घेणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स टिकून राहतो तो मुख्यतः दातांच्या कठीण पृष्ठभागावर, म्हणजे दात आल्यानंतर. तोही बहुतेकदा आईच्याच तोंडातून येतो, एकाच चमच्याने भरवताना.

आपल्या घरांत मात्र एक गोष्ट दुधाच्याही आधी तोंडात जाते : मध, कधी त्यात सोने उगाळून. चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकणारी घरेही मी पाहिली आहेत. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षाआतल्या बाळाला तो देऊच नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मधुमेही आईच्या बाळाला ‘साखर पडू नये’ म्हणून मधाचे बोट चाटवणारी आजी प्रेमानेच वागत असते. पण पेरॉक्साइडचे ते नाजूक रसायन जमते चिकाशी आणि दुधाशी, मधाशी नव्हे.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सहाशेहून अधिक मधुमेही गर्भवतींवर एक चाचणी झाली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. इतर धोका नसलेल्या या स्त्रियांपैकी निम्म्यांना छत्तिसाव्या आठवड्यापासून रोज थोडा चीक हाताने काढून ठेवायला शिकवले होते. त्याने बाळांना अपाय झाला नाही, अतिदक्षता विभागात जाणारी बाळेही वाढली नाहीत. सुईविना सिरिंजमध्ये भरून तो शीतकपाटात गोठवून ठेवायचा, आणि प्रसूतीला जाताना बरोबर न्यायचा. बाळाची साखर घसरलीच, तर गालात आधी तो सोडता येतो.