चालायला जा, पण कुठे?

मधुमेह, रक्तदाब, वाढलेले वजन, गुडघेदुखी, बद्धकोष्ठता, झोप न लागणे... तक्रार कोणतीही असो, आम्ही डॉक्टर मंडळी औषधांच्या खाली एक ओळ हमखास लिहितो : 'रोज अर्धा तास चालणे.' गोळ्या रुग्ण घेतात, ही शेवटची ओळ मात्र बहुतेक वेळा कागदावरच राहते. कारण विचारले की पूर्वी 'वेळ मिळत नाही' असे उत्तर येई. अलीकडे बोईसरमध्ये दुसरेच उत्तर ऐकू येते. "डॉक्टरसाहेब, चालायची तयारी आहे हो, पण चालू कुठे? रस्त्याच्या कडेला रिक्षा, तिच्या पलीकडे उघडे गटार आणि पाठीमागून टँकर!"

ही सबब आहे म्हणून हसण्यावारी नेण्यासारखे हे उत्तर नाही. चालणे हे औषध असेल, तर ते मिळण्याचे दुकान म्हणजे रस्ता. दुकानच बंद असेल तर चिठ्ठी लिहून काय उपयोग? म्हणून आज नेहमीप्रमाणे शरीराविषयी थोडे आणि रस्त्याविषयी जरा जास्त लिहीत आहे.

चालल्याने काय होते?

आपल्या आजी-आजोबांना जेवणानंतर शतपावलीची सवय होती. तिच्यामागचे शास्त्र आज उलगडले आहे. जेवणानंतर रक्तातील साखर वाढते. त्याच वेळी मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू काम करू लागले, की ते रक्तातील साखर इंधन म्हणून ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची तितकीशी गरज लागत नाही. म्हणून मधुमेही माणसाने दिवसातून एकदाच अर्धा तास चालण्याऐवजी प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चालले, तर जेवणानंतरची साखर अधिक आटोक्यात राहते, असे आढळले आहे. भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने सांगितले. तेव्हा हा मूठभर लोकांचा प्रश्न राहिलेला नाही.

चालताना पोटरीचे स्नायू दर पावलाला आकुंचन पावून पायातील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. रक्तदाब काहीसा उतरतो, हाडे बळकट राहतात, गुडघ्याभोवतीचे स्नायू सांध्याचा भार उचलू लागतात, आतड्यांची हालचाल सुधारते आणि मनावरचा ताणही हलका होतो.

हृदयाच्या बाबतीतला पुरावा तर फार जुना आहे. लंडनमधील डॉ. जेरी मॉरिस यांनी तेथील दुमजली बसवरील ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. दोघे एकाच बसवर, साधारण एकाच आर्थिक थरातले. फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांमध्ये स्पष्टपणे कमी निघाले. लक्षात घ्या, कंडक्टर काही व्यायामशाळेत जात नव्हते. त्यांच्या कामातच चालणे होते.

'आम्ही दिवसभर उभेच असतो'

एमआयडीसीत काम करणारे रुग्ण म्हणतात, "कंपनीत आठ तास पायांवरच असतो, आणखी काय चालायचे?" गृहिणी म्हणतात, "घरात का कमी फेऱ्या होतात?" दोघांचेही कष्ट खरे आहेत. पण एका जागी उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. उलट तासन् तास उभे राहिल्याने पायाच्या नसा फुगतात. स्वयंपाकघरातल्या फेऱ्याही तुटक असतात, त्यात श्वासाचा वेग वाढत नाही.

चालण्याचा योग्य वेग ओळखण्याची खूण सोपी आहे : सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. अशा वेगाने आठवड्यात किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा अर्धा तास सलगच हवा असेही नाही. स्टेशनपर्यंत दहा मिनिटे, परत येताना दहा मिनिटे, रात्री शतपावलीची दहा मिनिटे, झाला हिशेब पुरा. म्हणूनच वेगळा वेळ काढून 'फिरायला जाणे' यापेक्षा रोजची कामे पायी करता येणे महत्त्वाचे. आणि इथेच गाडी रस्त्यावर येऊन अडते.

माणूस आळशी की रस्ता अडलेला?

याच संघटनेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आहे. आपल्या स्त्रिया पुरुषांपेक्षा आळशी आहेत, असे कोणी म्हणेल काय? दिवस मावळल्यावर दिवा नसलेल्या रस्त्याने एकटीने जाणे नको वाटते, हातात मूल आणि पिशवी घेऊन गटाराच्या कठड्यावरून चालता येत नाही, ही कारणे कोणत्याही माउलीला विचारा.

भीती खोटीही नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते. वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याच्या धडकेतील जोर चौपट होतो. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या मोटारीखाली सापडलेला माणूस बहुधा वाचतो. वेग जसा वाढत जातो, तशी आम्हा डॉक्टरांच्या हातात राहणारी आशा झपाट्याने कमी होते.

आपल्या बोईसरची गोष्ट

बोईसरने वाढ पाहिली ती टप्प्याटप्प्याने. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, मग औद्योगिक वसाहत आली, २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. पाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. लोकसंख्या शहराची झाली, रस्ते मात्र गावाचेच राहिले. पूर्वी एस.टी., बैलगाडी आणि सायकल यांच्यासाठी पुरणाऱ्या रस्त्यावर आता चिल्हार फाट्याकडून येणारे ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या, शेअर रिक्षा, शाळेच्या व्हॅन आणि दुचाक्या एकाच वेळी असतात. पाळी सुटण्याच्या सुमारास स्टेशनकडचा रस्ता किंवा नवापूर नाका आठवून पाहा. त्या गर्दीत जो सर्वांत शेवटी जागा शोधतो, तो पायी चालणारा.

गंमत अशी, की चालण्याजोगे शहर व्हायला लागणारी मोठी गोष्ट आपल्याकडे आधीच आहे. दुकानाच्या वर घर, घराजवळ बाजार, बाजाराजवळ स्टेशन, शाळा आणि दवाखाना अशी दाट वस्ती आपल्याला लाभली आहे. परदेशांत अनेक ठिकाणी घरे एकीकडे आणि दुकाने मैलभर दूर वसवली, आता ती पुन्हा जवळ आणण्याची खटपट चालू आहे. आपली बरीचशी कामे एक-दीड किलोमीटरच्या आतली असतात. साधारण चालीने किलोमीटरला बारा मिनिटे लागतात. तेवढ्यासाठीही आपण रिक्षाला हात करतो, कारण मधली वाट धड नाही.

डॉक्टर महापौराचे गाव

स्पेनमध्ये पोंतेवेद्रा नावाचे ऐंशी-एक हजार वस्तीचे शहर आहे. तेथे १९९९ मध्ये मिगेल आन्शो फर्नांडिस लोरेस हे महापौर झाले. हे गृहस्थ व्यवसायाने डॉक्टर. त्यांनी जुन्या गावठाणातून मोटारी जवळजवळ हद्दपार केल्या, पदपथ रुंद केले, इतर रस्त्यांवर वेग ताशी ३० किलोमीटर किंवा त्याहून कमी केला. व्यापाऱ्यांनी सुरुवातीला विरोध केला, पण पायी फिरणारा माणूस दुकानात शिरतो हे त्यांना कळून आले. रस्त्यांवरचे अपघाती मृत्यू जवळजवळ थांबले. लोरेस पुढे वारंवार निवडून आले, २०२३ मध्येही ते पुन्हा महापौर झाले.

त्यांची एक युक्ती आपणही उचलावी अशी आहे. तेथे रेल्वेच्या नकाशासारखा एक नकाशा ठिकठिकाणी लावला आहे. अमुक चौकातून तमुक ठिकाणी पायी किती मिनिटे, एवढेच त्यावर असते. बोईसर स्टेशनबाहेर असा फलक लावायला कितीसा खर्च येईल?

दूर कशाला, पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी धोरण मंजूर केले आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ व बाकडी केली. तेथे आता ज्येष्ठ नागरिक बसलेले आणि लहान मुले खेळताना दिसतात.

रस्त्यासाठी चिठ्ठी

रुग्णाला देतो तशी आपल्या गावाच्या रस्त्यालाही एक चिठ्ठी लिहून देतो.

१. सलग पदपथ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालण्याची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, म्हणजे दोन माणसे शेजारून जाऊ शकतील. उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. फूटभर उंच पदपथावर गुडघेदुखीचा रुग्ण चढतच नाही. गटारांवर मजबूत, सपाट झाकणे बसवली तरी निम्मे काम होईल. पावसाळ्यात पाण्याखालचे उघडे गटार दिसत नाही, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

२. ओलांडायची सोय जमिनीवरच. म्हाताऱ्या माणसाला चाळीस पायऱ्यांचा पूल दाखवणे म्हणजे 'ओलांडू नका' असे सांगणे. शाळा, दवाखाना व बाजार यांच्यासमोर रस्ताच किंचित उंच करून पट्टे आखावेत, म्हणजे वाहने आपोआप मंदावतात.

३. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी वस्तीतून अवजड वाहनांना मज्जाव.

४. फेरीवाल्यांना हुसकावणे नको, जागा आखून देणे हवे. त्यांच्यासाठी २०१४ चा कायदा आहे. भाजीवालीच्या दिव्यामुळे आणि वर्दळीमुळे रस्ता सुरक्षित वाटतो, फक्त तिच्यासमोर चालण्याची पट्टी मोकळी हवी.

५. सावली आणि दिवे. कडुनिंब, करंज, बकुळ यांसारखी झाडे लावावीत. मे महिन्यात सावलीशिवाय कोणी चालणार नाही.

६. बाकडी आणि स्वच्छतागृह. मधुमेही आणि प्रोस्टेटचा त्रास असलेले माझे कितीतरी रुग्ण केवळ 'मध्येच लघवीला लागली तर?' या धास्तीने घराबाहेर पडत नाहीत. स्त्रियांची कुचंबणा तर त्याहून मोठी.

तोवर आपण काय करावे?

रस्ते सुधारेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. सोसायटीचे आवार, शाळेचे मैदान, वसाहतीतले आतले रस्ते येथे चालावे. मुख्य रस्त्याने जावेच लागले, तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. रात्री फिकट रंगाचे कपडे घालावेत. कानात गाणी नकोत.

तारापूर औद्योगिक क्षेत्राची गणना २०१८ च्या केंद्रीय मूल्यमापनात अतिप्रदूषित क्षेत्रांत झाली होती, हे विसरून चालणार नाही. ट्रकच्या रांगेशेजारी व्यायाम करू नये. हिवाळ्यात पहाटे धूर आणि धुके जमिनीलगत साचते, म्हणून दमेकऱ्यांनी ऊन पडल्यावर निघावे व पंप खिशात ठेवावा. धूर आहे म्हणून घरात बसून राहणे मात्र बहुतेकांना अधिक महागात पडते.

मधुमेहींनी अनवाणी किंवा स्लिपर घालून चालू नये, रोज रात्री तळपाय पाहावेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर ठेवावी. चालताना छातीत दडपल्यासारखे झाले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, वा नेहमीपेक्षा जास्त दम लागला, तर तेथेच थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. 'गॅस असेल' म्हणून टाळू नये.

मागायचे कोणाकडे?

रस्ता कोणाचा, ग्रामपंचायतीचा, बांधकाम खात्याचा की एमआयडीसीचा, या घोळात सामान्य माणूस दमून जातो. पण सुरुवात ग्रामसभेतून करता येते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ ने सार्वजनिक रस्त्यांवरील अडथळे व अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार पंचायतीला दिला आहे. 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमाखाली होणाऱ्या गावाच्या आराखड्यात एक कामही सुचवता येते. 'पदपथ करा' असे मोघम न म्हणता 'अमुक शाळेपासून तमुक नाक्यापर्यंत गटारावर झाकणे घाला' असे नेमके मागावे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे. तेव्हा ही मागणी कोणाकडे मागितलेली मेहेरबानी नव्हे.

घाई आहे ती एवढ्याचसाठी, की बोईसरला बुलेट ट्रेनचे स्थानक होणार आहे आणि त्याबरोबर आणखी वाहने, आणखी इमारती येणार. रस्त्याकडेची चार हातांची पट्टी आज राखून ठेवणे सोपे आहे, उद्या तेथे बांधकाम झाल्यावर ती सोडवणे फार कठीण. रोग अंगात मुरल्यावर औषध करण्यापेक्षा तो होऊ न देणे स्वस्त पडते, हे आम्ही डॉक्टर नेहमी सांगतो. गावालाही तोच नियम लागू आहे.

येत्या ग्रामसभेला जरूर जा. आणि शक्य असेल तर चालत जा.