मोह न सांगण्याचा

एकापेक्षा जास्त जणांशी प्रेमाचं नातं, तेही सगळ्यांना माहीत असताना आणि सगळ्यांच्या संमतीने, याला पॉलिअ‍ॅमरी म्हणतात. चोरून ठेवलेलं प्रकरण यात बसत नाही. मग बांधिलकी नेमकी कशाशी, हा पहिला प्रश्न पडतो. उत्तर आहे, दिलेल्या शब्दाशी. लग्नात कितीतरी गोष्टी न बोलता गृहीत धरल्या जातात. इथे त्या एकेक करून बोलाव्या लागतात.

सॅन फ्रान्सिस्कोतला केरिस्टा हा समूह १९७१ ते १९९१ अशी वीस वर्षं असाच ठरवून जगला. गटात अनेक जोडीदार, गटाबाहेर कुणीही नाही, असा त्यांचा दंडक होता. त्याला ते ‘पॉलिफिडेलिटी’ म्हणत. कुठल्या रात्री कुणी कुणाबरोबर झोपायचं, याचंही वेळापत्रक असे. आज बहुतेक पॉली माणसं इतकं पक्कं कुंपण घालत नाहीत, पण बोलून ठरवणं कुणालाच चुकलेलं नाही.

ठरवताना नियम आणि सीमा यांतला फरक ओळखायला हवा. ‘तू तिच्या घरी रात्री राहायचं नाहीस’ हा नियम. तो दुसऱ्याच्या वागण्याला लगाम घालतो, आणि जिच्यावर त्याचा परिणाम होतो तिला कुणी विचारलेलंही नसतं. ‘तुझा कुणाशी कंडोमशिवाय संबंध आला, तर तुझी तपासणी होईपर्यंत मी कंडोमशिवाय जवळ येणार नाही’ ही सीमा. यात मी काय करणार, एवढंच सांगितलेलं आहे. तपासणीची वेळही नीट ठरवावी लागते. एचआयव्हीची लागण दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत दिसत नाही. प्रयोगशाळेतल्या अँटिजेन-अँटिबॉडी चाचणीत ती दिसायला साधारण १८ ते ४५ दिवस जातात.

आता मोहाकडे येऊ. समजा, एका जोडप्याचं ठरलंय की नव्या कुणाशी शरीरसंबंध येण्याआधी घरी सांगायचं. शुक्रवारी रात्रीचे अकरा वाजलेत. तो मैत्रिणीच्या घरी आहे, जेवणाची ताटं अजून टेबलावरच आहेत, फोन खिशात आहे. मनात येतं, ‘आत्ता कुठे झोपमोड करायची? उद्या सांगू. ती नाही थोडीच म्हणणार आहे?’ मैत्रीण आवडणं त्याच्या घरी मान्यच आहे. खरा मोह आहे तो न सांगण्याचा. विश्वासाला तडा जातो तो त्या ‘उद्या सांगू’पाशी.

नव्या प्रेमाच्या भराला पॉली मंडळी ‘न्यू रिलेशनशिप एनर्जी’ म्हणतात. अशाच झपाटलेपणाला डोरोथी टेनोव्ह या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ‘लिमरन्स’ हे नाव दिलं, आणि तो सरासरी दीड ते तीन वर्षं टिकतो असा अंदाज मांडला. म्हणून त्या काळात घर बदलण्यासारखे मोठे निर्णय पुढे ढकलावेत. जुन्या जोडीदाराला दिलेली गुरुवारची संध्याकाळ कॅलेंडरवर असेल, तर ती तिथेच राहू द्यावी.

शब्द मोडलाच, तर लगेच सांगावं. आधी आरोग्याचं बघावं, मग ठरलेलं पाळण्याजोगं होतं का, हे दोघांनी तपासावं. न पेलणारी अट बदलून घेता येते. लपवलेली गोष्ट मात्र पुढच्या प्रत्येक शब्दावर शंका आणते.

कायद्याचं पाहिलं, तर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिल शहराने २०२० मध्ये दोनपेक्षा अधिक जणांच्या सहजीवनाची नोंदणी मान्य केली. आपल्याकडे तशी सोय नाही. व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केलं. तरी व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण आजही आहे, आणि हिंदू विवाह कायद्याखाली पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न गुन्हाच ठरतं. त्यामुळे इथे अशा नात्यातल्या तिसऱ्या माणसाच्या हाती कागद नसतो, फक्त शब्द असतो.

म्हणून शुक्रवारी रात्री अकराला फोन खिशातून काढावा आणि दोन ओळी लिहाव्यात. उत्तर येईपर्यंत ताटं उचलून ठेवता येतात.