गाडी विकली, पण नाव?

"वहिनी, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर! हा आकडा बघून कोण गाडी घेणार? मीटर लाखावर आणून देतो की!" ओळखीच्या एजंटाने अगदी सहज सांगितलं.

मी गप्पच झाले. तेरा वर्षं आमची बोलेरो लोणावळ्याच्या पावसात अन् खंडाळ्याच्या घाटात राबली. बचत गटाच्या बायकांना दाटीवाटीने वडगावला नेलं तिनेच, रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचवलं तेही तिनेच. तिला खोटं वय सांगून विकणं मनाला पटेना.

शेवटी यांनी आणि मी ठरवलं, खरं तेच सांगायचं. सर्व्हिसिंगच्या पावत्या फाईलला लावल्या. घाटामुळे क्लच दोनदा बदललाय, दाराखालचा पत्रा गंजलाय, हेही सांगितलं. दोन गिऱ्हाइकं परत गेली. पवनानगरकडचे एक दूधवाले दादा मात्र मेकॅनिकला घेऊन आले, चढावर चालवून पाहिली अन् म्हणाले, "ताई, पावत्या आहेत म्हणून घेतो."

गाडी होती माझ्या नावावर. इसार देताना दादा म्हणाले, "सध्या स्टँप पेपरवर लिहून ठेवू. नावाचं बघू सावकाश."

मैत्रिणींनो, इथेच आपण भिडेपोटी 'बरं' म्हणतो! २०१८ साली 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' हा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकली गेली होती, पण आरटीओत नाव जुन्याच मालकाचं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली.

मी दादांना हे समजावलं. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्या. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत नव्या मालकाच्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. कर्ज फिटलं असेल तर बँकेकडून फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा. थकलेले चलान आधी भरायचे. आणि फास्टॅग विसरू नका, नाहीतर गाडी त्यांची, टोल आपल्या खात्यातून!

पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्यावरच चावी दिली. महिनाभराने दादांनी नव्या आरसीचा फोटो पाठवला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

परवा कामशेतच्या चौकात ती दुधाचे कॅन घेऊन जाताना दिसली. नकळत माझा हात वर गेला.