विद्युत्-गिटारचा स्वर का बिघडतो?

विद्युत्-गिटारचा जो भरदार स्वर आपण ध्वनिमुद्रणांतून ऐकतो, तो केवळ तारेचा नसतो. तार, पिकअप, प्रवर्धक आणि ध्वनिक्षेपक या चौघांनी मिळून तो घडविलेला असतो. यांपैकी शेवटच्या दोघांचे कार्य आज टॅबलेटमधील ‘अ‍ॅम्प सिम्युलेटर’ ही आज्ञावली गणिताच्या साहाय्याने करते. गिटार आणि टॅबलेट यांना जोडणारा दुवा म्हणजे ऑडिओ इंटरफेस होय. स्वर बिघडला की पुष्कळजण आज्ञावलीस दोष देऊन नव्या वस्तूंवर पैसा खर्च करतात. वस्तुतः दोष बहुधा अन्यत्र असतो. संकेत ज्या क्रमाने वाहतो त्याच क्रमाने एकेक टप्पा तपासावा आणि एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे तो सापडतो.

प्रथम आज्ञावलीने कोणता प्रवेशमार्ग निवडला आहे ते पाहावे. गिटारची केबल काढल्यावरही टॅबलेटवर मारलेली टिचकी ऐकू आली, तर इंटरफेसऐवजी टॅबलेटचा स्वतःचा मायक्रोफोन चालू आहे असे समजावे.

पिकअपमध्ये चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्यामुळे त्याला सुमारे १० लक्ष ओहम संरोधाचा प्रवेशमार्ग लागतो. लाइन-प्रवेशाचा संरोध बहुधा १० हजार ओहमच्या आसपास असतो; तेथे गिटार जोडल्यास उच्च कंपने गळतात व स्वर मंद होतो. म्हणून इंटरफेसवरील ‘इन्स्ट’ अथवा ‘हाय-झी’ हे बटण दाबलेले असावे.

यानंतर तारा पूर्ण जोराने छेडून गेन असा ठेवावा, की संकेताची शिखरे कमाल मर्यादेच्या सुमारे १२ डेसिबेल खाली राहतील. संकेताचे संख्यांत रूपांतर होतानाच जी शिखरे छाटली गेली, ती पुढे कोणतीही आज्ञावली पूर्ववत् करू शकत नाही.

स्वर कर्कश येत असेल, तर ‘कॅबिनेट’ विभाग बंद तर नाही ना, हे पाहावे. गिटारसाठी वापरला जाणारा १२ इंची ध्वनिक्षेपक दर सेकंदास सुमारे ५,००० कंपनांच्या पलीकडचा ध्वनी फारसा देत नाही. प्रवर्धकाने निर्माण केलेली बोचरी उच्च कंपने तो जणू गाळून घेतो. ही गाळणी नसेल, तर इयरफोनमध्ये किरकिर ऐकू येते. उलट, गिटारचाच प्रवर्धक व ध्वनिक्षेपक पुढे जोडला असेल, तर ती दोनदा होऊन स्वर कोंडतो. अशा वेळी हा विभाग बंद ठेवावा.

एकाच वेळी कोरडा व संस्कारित असे दोन स्वर ऐकू आल्यास इंटरफेसवरील ‘डायरेक्ट मॉनिटर’ बंद करावा. स्वर उशिरा येत असेल, तर बफर लहान करावा. सेकंदास ४८,००० नमुने घेताना २५६ नमुन्यांचा बफर ५.३ मिलिसेकंद घेतो. तो फार लहान केल्यास मात्र स्वर तुटू लागतो.

सतत गुणगुण येत असल्यास चार्जर काढून टॅबलेट बॅटरीवर चालवून पाहावा. गुणगुण थांबली, तर ती विद्युत्-पुरवठ्यातून येत होती हे निश्चित होते.

हे सर्व टप्पे निर्दोष ठरल्यावरच आज्ञावलीकडे वळावे. तोवर बहुधा तिची निर्दोषता सिद्ध झालेली असते आणि खर्चही वाचलेला असतो.