जुन्या स्टीलच्या सायकलीवर खर्च करावा का?

जुन्या स्टीलच्या सायकलीला नवे भाग बसवणे परवडेल की नाही, हे तिची फ्रेम ठरवते. चाके, ब्रेक, चेन, गिअर सगळे बदलता येते. फ्रेमचे माप, वजन आणि धातू मात्र आहे तोच राहतो. कोल्हापूर परिसरात घरोघरी पडून असलेल्या सायकली साधारण दोन प्रकारच्या. एक म्हणजे दूधवाल्यांची, शेतकऱ्यांची काळी दणकट सायकल: 1949 साली सुरू झालेल्या टीआय सायकल्सची हर्क्युलिस, 1951 च्या ॲटलासची किंवा 1956 च्या हिरोची. दुसरी वाकड्या हँडलची रेसर.

आधी माप पाहावे. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभे राहिल्यावर दांडा अंगाला लागत असेल, तर त्या फ्रेमवर पैसे घालू नयेत. मग सीटची नळी उपसून आत टॉर्च मारावा. पावसाचे पाणी याच वाटेने आत उतरते आणि पॅडलच्या आसाजवळ साचते. कोल्हापूरसारख्या चार महिने भिजणाऱ्या गावात फ्रेम बाहेरून चकचकीत आणि तळाशी कुजलेली असू शकते. वरवरचा गंज पॉलिश पेपरने निघतो, पण स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पापुद्रे सुटले तर ती फ्रेम संपली. हँडलच्या नळीमागे, खालच्या पाइपच्या पोटाला रंग सुरकुतलेला दिसला, तर सायकल कधीतरी समोरून जोरात धडकलेली आहे, असे समजावे.

फ्रेम सरळ आहे का, हे पाहायला साधा दोरा पुरतो. मागच्या चाकाच्या एका खाचेला दोरा बांधून तो हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणावा आणि सीटच्या उभ्या पाइपपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. दोन्हीकडे सारखे भरले की मागची बाजू सरळ. एक-दोन मिलिमीटरचा फरक असेल तर जाणकार मिस्त्री तो काढतो. स्टील वाकवून जागेवर आणता येते, ॲल्युमिनियमला ते सोसत नाही.

धातूचा अंदाज सीटच्या नळीवरून येतो. तिचा व्यास 27.2 मिलिमीटर असेल, तर फ्रेम बहुधा चांगल्या, पातळ पाइपची असते. इंग्लंडमधील रेनॉल्ड्सने 1935 साली आणलेला 531 पाइप या वर्गातला: टोकांना जाड, मध्ये पातळ. अशी फ्रेम मिळाली तर खर्च करायला कचरू नये. साध्या जाड पाइपच्या रेसरला महागडे गिअर लावले तरी तिचे वजन फारसे उतरत नाही.

खरा पैसा चाकांत जातो, आणि तो तिथेच जायला हवा. ओल्या लोखंडी रिंगवर ब्रेकचे रबर घसरते. ॲल्युमिनियमच्या रिंगवर पकड कितीतरी चांगली बसते. जुन्या रेसरचे चाक अनेकदा 27 इंची, म्हणजे टायर बसण्याच्या जागी 630 मिलिमीटर व्यासाचे असते. आजच्या 700सी चाकाचे हेच माप 622. त्यामुळे नवे चाक घालताना ब्रेकचे रबर 4 मिलिमीटर खाली सरकेल का, हे खरेदीआधीच पाहावे. काळ्या सायकलीचे ब्रेक दांड्यांचे असतात आणि रबर रिंगला आतून दाबते. तिथे रिंग बदलायची तर ब्रेकची सगळी रचनाच बदलावी लागते. हा खटाटोप करू नये. 2020 च्या जूनमध्ये ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, तरी या सायकलींची मापे सामाईक असल्याने 28 इंची टायर, कॉटर पिन, फ्रीव्हील अजूनही मिळतात.

गिअरचा प्रश्न रस्त्यावर अवलंबून आहे. पंचगंगेच्या काठाने, रंकाळ्याभोवती किंवा ऊसपट्ट्यात फिरायला एकच वेग पुरे. पुढे 44 आणि मागे 18 दात असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात काळी सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. सपाटीला हे ठीक आहे, पण पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळ लागले की गुडघे बोलू लागतात. मागे 22 दातांचे फ्रीव्हील बसवले की तोच फेरा साडेचार मीटरवर येतो आणि चढ सुसह्य होतो. इतक्या थोड्या पैशांत एवढा फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती नाही. रेसरमध्ये मागच्या दोन खाचांमधले अंतर मोजावे. ते 126 मिलिमीटर असेल तर फ्रेम 130 पर्यंत फाकवून आजचे हब बसते. काळ्या सायकलीची खाच बरीच अरुंद असते, तिला इतके ताणणे धोक्याचे.

जोडाजवळ चीर सापडली तर शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ती भरून मिळू शकते, पण काम गॅसवर पितळी झाळणीने करून घ्यावे. विजेच्या वेल्डिंगने पातळ पाइप जळतो आणि शेजारीच नवी चीर पडते. हँडलच्या नळीच्या जोडाला किंवा पुढच्या फोर्कला चीर असेल, तर मात्र झाळकामही करू नये: चीर फोर्कला असेल तर फोर्क बदलावा आणि नळीच्या जोडाला असेल तर फ्रेम भंगारात द्यावी.